आठ मात्रांची थरथर

ती फाइल अजून माझ्या कंप्यूटरवर आहे. एक्केचाळीस ओळी. एकही चूक नाही. मी टायपिंग शिकवणारी बाई, पंचवीस वर्षं उस्मानपुऱ्यात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत इन्स्टिट्यूट चालवली, तेव्हा मी चूक नाही म्हटलं म्हणजे नाही. पण त्या बिनचूक फाइलीनं माझ्या लेकीच्या पाठवणीतलं एक मिनिट खाल्लं. ते कुठून परत आणू? कुणाशी भांडू? भांडायची मला सवय आहे, पण इथं समोर कुणी नाही.

माझा राग आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रसिद्ध होता. पान टाइप करून पोरगी टेबलाशी आली की मी लाल पेन उघडायची. एक गोल काढला की पोरीचा चेहरा पडायचा, तीन गोल झाले की मी पान टराटरा फाडायची. "पुन्हा." बास, एवढंच बोलायचं. त्या पोरी पुढं कोर्टात लागल्या, कलेक्टर ऑफिसात लागल्या, अजून रस्त्यात भेटल्या की वाकून नमस्कार करतात. मला वाटायचं, बघा, लागली ना शिस्त.

माझी लेक नऊ वर्षांची असताना एका रविवारी माझ्याबरोबर इन्स्टिट्यूटला आली. मी हिशेबाच्या वह्या आवरत होते. ती कोपऱ्यातल्या मशीनवर टकटक करत बसली. तासाभरानं कागद घेऊन आली. 'प्रिय आई' असं वर लिहिलेलं, खाली सात-आठ ओळी. काय लिहिलं होतं ते मला आज आठवत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. मला आठवतात ते सात गोल. मी लाल पेन काढलं, सात गोल केले आणि म्हटलं, "पुन्हा टाइप कर." तिनं कागदाची घडी घातली, फ्रॉकच्या खिशात ठेवली. पुन्हा काही टाइप केलं नाही. मशीनला हातसुद्धा लावला नाही. पुढं शिकली, कमावती झाली, माझ्याशी नीट बोलायची, औषधं आणून द्यायची, पण काही लिहून म्हणून तिनं मला कधी दिलं नाही. वाढदिवसाला साडी आणायची, त्यावर चिठ्ठी नसायची.

मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या तशी इन्स्टिट्यूट बसली. मशिनी भंगारवाल्याच्या गाडीवर चढल्या त्या दिवशी मी रडले नाही, पण जेवलेही नाही. आमचे हे आधीच गेलेले. घर गारखेड्याला, दिवसभर भिंती बघायच्या. मग पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं घरबसल्या काम मिळवून दिलं. परदेशातल्या एका प्रकाशनाकडं संगीताची जुनी छापील पानं होती, पाच रेघांवर काळे ठिपके काढलेली. ती बघून साध्या अक्षरांत टाइप करायची. स्वराचं इंग्रजी अक्षर, त्याच्यापुढं तो किती लांब त्याचा आकडा, चार मात्रा भरल्या की उभी रेघ. बेरीज चुकली की प्रोग्राम लगेच बोंब मारतो. म्हणजे लाल पेन घेऊन माझ्या डोक्यावर कुणीतरी बसलंय! मला हे काम लई आवडलं. संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टायपिंगला अर्थ कळावा लागत नाही, असं मीच पोरींना सांगत आले होते.

ह्या पानांत काही स्वरांच्या दांडीवर तिरप्या रेघा असायच्या. त्याला ट्रेमोलो म्हणतात. एकच स्वर भराभरा फटके मारून थरथरत ठेवायचा. टाइप करायला सोपं होतं: दोन रेघा असल्या तर स्वरापुढं दोन ठिपके आणि सोळा, तीन असल्या तर दोन ठिपके आणि बत्तीस. मी शेकड्यांनी टाइप केले. एक दिवस तिकडून विचारणा आली की संथ चालीत ह्या तीन रेघा मोजून वाजवायच्या की न मोजता, हे पान बघून ठरवा. आता आली का पंचाईत! मी ती थरथर जन्मात ऐकली नव्हती, ठरवणार काय कप्पाळ.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत लग्न निघालं. बँड आला. बँडच्या गाडीवर भोंग्यांच्या खाली एक म्हातारे गृहस्थ मेंडोलिन घेऊन बसलेले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. नवरीची पाठवणी सुरू झाली तसे बाकीचे वाजवणारे गप्प झाले आणि ह्यांनी एकट्यानं एक स्वर धरला. लांबच्या लांब, थरथरता. मी गच्चीत वाळत घातलेले पापड काढत होते. हातातलं सूप तसंच राहिलं. म्हटलं, हेच ते, दोन ठिपके बत्तीस!

खाली उतरले आणि गाडी हलायच्या आत त्यांना गाठलं. विचारलं, "चाचा, हे किती फटके असतात हो एका मात्रेत?" ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "बाई, दुकान पे आव. गुलमंडी में कुणालाबी विचारा."

गेले. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बँडचं दुकान, भिंतीला ढोल लटकलेले, लाल कोट खुंट्यांवर. चाचांनी मेंडोलिन मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "गिनती नको. हात पकडो मेरा." त्यांच्याकडं शिकायची रीतच ती होती. शिकणाऱ्यानं त्यांचं मनगट धरायचं आणि ते वाजवायचे. मी आधी कचरले. मग म्हटलं, आपण नाही का पोरींची बोटं धरून बसवत? धरलं मनगट. आत सगळं हलत होतं, पण घट्ट नव्हतं. सैल होतं. चाचा म्हणाले, "गिना तो घट्ट होता. घट्ट हुआ की मेला." मी घरी येऊन तिकडं कळवलं, न मोजता. तिकडून शाबासकी आली.

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. ती पाठवणीची चाल त्यांची स्वतःची होती, कुठल्या सिनेमातली नव्हती. चाळीस वर्षं ह्या शहरातल्या लेकी त्या चालीवर सासरी गेल्या, हिंदूंच्या गेल्या, मुसलमानांच्या गेल्या. आता शुगरमुळं बोटांना मुंग्या यायच्या. पुतण्यानं फाइलीवरून वाजणारा कीबोर्ड आणलेला. चाचा म्हणाले, "बाई, तुमी लिखते ना? माझीबी लिहून ठेवा. मेरे पीछे वैसीच बजना." त्यांना एवढंच पाहिजे होतं, त्यांच्यामागं ती चाल तशीच वाजावी.

मी हो म्हटलं. फुकट करून देईन म्हटलं, वर थोडी मिरवलेसुद्धा.

चाल दोन बैठकांत उतरली. अडलं ते त्या शेवटच्या लांब स्वरापाशी. मी विचारलं, "चाचा, हा किती मात्रा धरायचा?"

"माँ छोड़े तबतक."

"म्हणजे किती?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पाठवणीत नवरीकडं बघायचं नाही. नवरी गाडीत बसते, दार लागतं, लोकांना वाटतं झालं. पण आईचा हात खिडकीतून आत असतो. वाजवणाऱ्यानं त्या हातावर नजर ठेवायची. हात सुटला की स्वर उतरवायचा, त्याच्या आधी नाही. कधी आई पटकन सोडते, कधी सोडतच नाही. एकदा म्हणे इतका वेळ धरला की त्यांच्या बोटातून रक्त आलं, पण स्वर सोडला नाही. "मैं छोड़ा तो डायवर छोड़ता," ते म्हणाले. "गाड्या बाजे पे चलते बाई."

हे ऐकून कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. मी म्हटलं, "ते सगळं खरं, पण प्रोग्रामला आकडा लागतो. आकडा नसला तर बेरीज चुकते."

चाचा हसले. मी बसले होते त्या लोखंडी खुर्चीकडं त्यांनी बोट दाखवलं. "कुर्सी का हात पकडो. समझो बेटी है. तुमी छोड़ेंगे तब मैं उतारता. फिर गिन लेव."

मी खुर्चीचा हात धरला. त्यांनी स्वर धरला. त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत बारा पानं पाठवायची होती, रिक्षा मिळेल का ही चिंता, डोक्यात बारा पानं. मी मनात मात्रा मोजत होते. आठ झाल्या. चार-चार मात्रांची दोन घरं नीट भरली, बेरीज सुटसुटीत. मी हात सोडला. चाचांनी त्याच क्षणी स्वर उतरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"इतनाच?"

"इतकंच," मी म्हटलं.

घरी येऊन टाइप केलं. आठ मात्रा, दोन ठिपके बत्तीस, चौसष्ट फटके. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या स्वरावर 'थांबा' अशी एक खूण घालता येते, तीही घातली, पण ती कागदावर दिसते, वाजवताना मशीन तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. म्हणून पहिल्या ओळीत टक्क्याची खूण करून मी लिहिलं, 'शेवटचा स्वर आईचा हात सुटेपर्यंत धरावा.' टक्क्यापुढचं सगळं माणसांसाठी असतं, मशीन ते सोडून देतं. दुसऱ्या दिवशी चाचांनी फोनवर विचारलं, "बाई, वो माँ के हात का लिखा क्या?" मी म्हटलं, "लिहिलं चाचा. पहिल्याच ओळीत." त्यांनी दहा वेळा दुवा दिली.

आणि मग मी काय केलं सांगते. प्रकाशनाचा नियम होता, फाइल पाठवायच्या आधी टक्क्याच्या सगळ्या ओळी काढून टाकायच्या. स्वच्छ फाइल द्यायची. दोन वर्षं रोज तेच करत होते. चाचांच्या पुतण्याला फाइल पाठवताना हात आपोआप तिथं गेला. ओळ दिसली, वाचलीही, आणि काढली. विसरले असते तर एक वेळ माफ होतं. मला ती ओळ तिथं घाण वाटली. बाकी सगळी अक्षरं कशी रांगेत, आणि वर हे एक वाक्य लोंबकळतंय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसलं काम. मी चाचांना सांगितलंसुद्धा नाही. ते पुढच्या उन्हाळ्यात गेले. मी जाऊन पुतण्याला भेटून आले, चार शब्द बोलले, त्या ओळीचा विषय काढला नाही. वाटलं, त्याला माहीत असेलच, घरातलाच आहे.

कीबोर्डवर चाल चालू लागली. सराफ्याकडं जाताना एकदा ऐकली, एकदा आमच्याच गारखेड्यात. मी शेजारणीला सांगायचे, "ही माझी फाइल बरं का." चाल तीच, पण थरथर शिवणयंत्रासारखी वाजायची, टर्रर्र. माझ्या कानाला ते कळत होतं. मी कानाला म्हटलं, गप बस, सवय होईल.

मागच्या हिवाळ्यात लेकीचं लग्न ठरलं. बीड बायपासला लॉन घेतलं. बँड कुठला, ह्यावरून वाद नको म्हणून मी आधीच सांगून टाकलं, बँड चाचांचाच. लेक म्हणाली, "आई, तुला बँडचं कधीपासून वेड?"

सकाळपासून माझ्या तोंडात एक वाक्य होतं. हळदीत होतं, अक्षता पडताना होतं, जेवणावळीत वाढताना होतं. 'तुझं ते पत्र मी तसंच घ्यायला पाहिजे होतं ग.' एवढंच. वीस वर्षं उशीर झाला होता, पण म्हटलं आज बोलायचंच. मांडवात कसं बोलणार, सतरा बायका कान लावून. मी ठरवलं होतं, गाडीत बसेल, खिडकीतून हात धरीन, कीबोर्डवर मेंडोलिनचा तो स्वर चालू असेल, त्याच्या आडोशाला बोलून टाकीन. माझ्या चाचांची चाल आहे, मला पुरेसा वेळ मिळेल. खरंच असा भरवसा होता मला. काय म्हणावं ह्या बाईला!

ती गाडीत बसली. दार लागलं. मी खिडकीतून तिचा हात धरला. मेंदीला अजून ओलसर वास येत होता. स्वर सुरू झाला. मी वाकले. "अगं..." म्हटलं आणि तिच्या बांगड्या सारख्या केल्या. "तुझं ते..." म्हटलं. आणि स्वर थांबला. पाठोपाठ कीबोर्डवर यादीतलं पुढचं गाणं लागलं, वरातीचं, नाचाचं. पोरं हुर्रे करून ओरडली. ड्रायव्हरनं गिअर टाकला. लेकीला वाटलं झालं, वेळ झाली, तिनंच हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि हसून मला टाटा केला. गाडी गेली. मी मांडवाच्या दारापाशी हात पुढं करून तशीच उभी होते. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

मग मी भडकले. तशीच तणतणत बँडच्या गाडीपाशी गेले. ती लॉनच्या फाटकाबाहेर उभी होती, आत आणायची परवानगी नव्हती. तिथून नवरीची गाडी दिसतसुद्धा नव्हती. मी पुतण्याला जे नाही ते बोलले. म्हटलं, "अक्कल गहाण टाकली का? आईचा हात सुटला नाही आणि तू स्वर तोडलास! हीच का चाचांची शिकवण?"

तो बिचारा खाली उतरला. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचीच फाइल हाय. आठ मात्रे. आपण त्याला हातबी लावला नाय. चाचा बोलके गये थे, बाईनं लिहिलंय त्यात एक मात्राबी हलवायचा नाय."

मी दोन पावलं मागं सरले. मग हळूच विचारलं, "हाताचं तुला चाचांनी काही सांगितलं नव्हतं?"

"कौनसे हात का?" तो म्हणाला. "मैंने पूछा था एक बार, वो लंबा सुर कितना. बोले, बाई ने सब लिखके रखा है."

म्हणजे त्यांनी सांगायचं होतं ते माझ्या भरवशावर सांगितलं नाही.

घरी येऊन साडीसुद्धा न बदलता कंप्यूटर लावला. फाइल उघडली. आठ मात्रा. मग आठवलं की हा आकडा कुठून आला. चाचांचा नव्हताच तो. दुकानातली लोखंडी खुर्ची मीच धरली होती आणि मीच सोडली होती, रिक्षा मिळेल का म्हणून. त्यांनी तर विचारलंसुद्धा होतं. ह्या शहरात गेल्या दोन वर्षांत ज्या आयांनी त्या चालीवर लेकी पाठवल्या, त्यांना मी माझ्या घाईएवढाच वेळ दिला. त्या काय बोलायच्या राहिल्या असतील, देव जाणे.

मी ओळ परत घातली. प्रोग्राम चालवला. चूक नाही. आठ मात्रा. पुतण्याला पाठवली, फोन करून समजावलं, की बाबा, त्या स्वराला तरी बोटानं कळ दाबून धर आणि कुणाला तरी फाटकात उभं कर हाताकडं बघायला. तो "हौ मॅडम, हौ" म्हणाला. करतो की नाही मला माहीत नाही. मी आता बँड वाजला की खिडकी लावून घेते.

लेकीचा चौथ्या दिवशी फोन आला. सासरचं सगळं सांगितलं, माणसं बरी आहेत, स्वयंपाकघर मोठं आहे. मग म्हणाली, "आई, गाडी सुटताना तू काहीतरी म्हणत होतीस. बँडच्या आवाजात ऐकू नाही आलं. काय ग?"

माझ्यासमोर कंप्यूटर चालू होता. हात खुर्चीच्या हातावर होता. कुठलं गाणं नाही, ड्रायव्हर नाही, कुणी घाई करत नव्हतं. ती तिकडं वाट बघत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"काही नाही ग," मी म्हटलं. "पाण्याची बाटली घेतली का, विचारत होते."



"इतकंच?"

"इतकंच," मी म्हटलं.